आईची पिट्युटरीची गाठ आणि पाचव्या दिवशीचा ताप

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते पण हॉस्पिटलमधून आल्यावर अंगात त्राणच नव्हतं आणि मनातला रागही गेला नव्हता. आता चार महिने झालेत, आई घरी आहे, बरी आहे, म्हणून निवांत बसून सगळं लिहिते. ज्यांच्या घरात कुणाचं पिट्युटरीचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी तर वाचाच, पण ज्यांच्या घरातलं कुणीही कुठल्याही कारणाने आठ दिवस ऍडमिट होणार असेल त्यांनीही वाचा. कारण आमचं ऑपरेशन छान झालं, आणि आईचा जीव टांगणीला लागला तो गाठीमुळे नाही, लघवीच्या नळीमुळे.

सुरुवात बांगड्यांपासून करते. आम्ही कराडजवळचे. आमच्याकडे कासारकाकू घरी येऊन बांगड्या भरतात, सगळ्या बायकांच्या हाताचं माप त्यांना तोंडपाठ. आईचा हात पहिल्यापासून दोन-चारचा. माझ्या लग्नात तिने दोन-सहा भरल्या, तेव्हा म्हटलं वय झालं, अंग भरलं. मग अडीच. आणि गेल्या वटपौर्णिमेला कासारकाकू तिचा हात दाबून दाबून दमल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, हात सुजलाय का हो तुमचा? अडीचची पण चढंना, दोन-दहाची बघू का?" त्याआधी वर्षभर जोडवी बोटात रुतून बसली होती ती सोनाराकडे नेऊन कापून काढली होती. चप्पल सहा नंबरची आठवर गेली. आवाज इतका घोगरा झाला की फोनवर अनोळखी लोक तिला काका म्हणायचे. घोरणं तर असं की बाबा बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. समोरच्या दातांत फटी पडल्या, रात्री हाताला मुंग्या यायच्या, शुगर निघाली, बीपी निघालं.

आणि आम्ही काय केलं, तर प्रत्येक गोष्ट वेगळ्या डॉक्टरकडे नेली. दात डेंटिस्टकडे, मुंग्या हाडाच्या डॉक्टरकडे, शुगर फिजिशियनकडे. प्रत्येकाने आपापलं औषध दिलं आणि ते चूकही नव्हतं, पण सगळं एकत्र मांडून कुणी बघितलंच नाही, आम्हीसुद्धा नाही, कारण रोज बघणाऱ्याला चेहरा बदललेला कळतच नाही.

शेवटी शुगरसाठी एका नवीन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आईचा हात हातात घेऊन बघत बसले, मग मला म्हणाले, "ताई, आईंचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा फोटो आहे का मोबाईलमध्ये?" माझ्या लग्नातला होता. त्यांनी तो मोठा करून आईच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि मला म्हणाले बघा. कपाळ पुढे आलेलं, नाक रुंद, ओठ जाड, खालचा जबडा पुढे. माझ्या पोटात गोळाच आला. मी याच बाईच्या समोर बसून रोज जेवत होते.

त्याला ऍक्रोमेगाली म्हणतात. पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, वाटाण्याएवढी, हाडाच्या छोट्या खोबणीत बसलेली. तिथे गाठ होते आणि ती ग्रोथ हार्मोन सोडत राहते. लहान मुलात झालं तर उंची वाढत जाते, मोठ्यांची उंची वाढू शकत नाही म्हणून हात, पाय, जबडा, जीभ वाढते. हे नाव १८८६ मध्ये पिएर मारी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दिलं, म्हणजे आजार काही नवा नाही, तरी आजही तो कळायला कित्येक पेशंटना वर्षंच्या वर्षं लागतात. आईची आयजीएफ-१ नावाची रक्ताची टेस्ट केली, ती वयाच्या मानाने खूप जास्त आली. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं. साखर प्यायल्यावर निरोगी माणसाचं ग्रोथ हार्मोन खाली जातं, आईचं गेलं नाही. एमआरआयमध्ये गाठ निघाली १८ मिलिमीटरची. १० च्या खाली असली तर मायक्रो, १० आणि वर मॅक्रो, म्हणजे आमची मॅक्रो.

गाठ म्हटल्यावर घरात कॅन्सर कॅन्सर म्हणून रडारड सुरू झाली, तर ते आधी स्पष्ट सांगते, पिट्युटरीच्या गाठी बहुतेक सगळ्या कॅन्सरच्या नसतात. त्रास दोन प्रकारे होतो, एक तर ती नको ते हार्मोन सोडते, नाहीतर वाढून शेजारच्या गोष्टींवर दाब देते. आणि शेजारी, बरोबर वरच्या बाजूला, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. आईला समोरचं स्वच्छ दिसायचं पण दोन्ही बाजूंचं कडेचं गेलं होतं, रस्ता ओलांडताना बाजूने येणारी मोटरसायकल तिला अंगावर आल्यावरच दिसायची आणि दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. आम्ही म्हणायचो लक्ष कुठं असतं तुझं. पेरीमेट्री नावाच्या टेस्टमध्ये डोळ्याच्या डॉक्टरांनी कागदावर काळा भाग दाखवला तेव्हा कळलं. अजून वाईट वाटतं त्या बोलण्याचं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, सगळ्या गाठींना ऑपरेशन लागत नाही. ओपीडीत आमच्या शेजारी बसणारी एक मुलगी होती, पाळी बंद झालेली आणि लग्न झालेलं नसताना छातीतून दूध यायचं, बिचारी स्वतःच्या आईशिवाय कुणालाच सांगू शकत नव्हती. तिची प्रोलॅक्टिनची, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनची गाठ होती आणि ती कॅबर्गोलिनच्या गोळ्यांवर, आठवड्यातून दोनदा, आकसत चालली होती. काही लहान गाठी हार्मोनच सोडत नाहीत, त्यांच्यावर नुसतं एमआरआय करून लक्ष ठेवतात. म्हणून एमआरआयमध्ये गाठ दिसली की घाईने सर्जन गाठू नका, आधी हार्मोनवाल्या डॉक्टरकडे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे जा आणि सगळी हार्मोन्स तपासून घ्या. आईसारख्या केसमध्ये मात्र पहिला उपाय ऑपरेशनच.

ते पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात झालं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या सर्जनने आईला वाचवलंय आणि तिथल्याच वॉर्डने तिला आजारी पाडलंय, दोन्ही खरं आहे.

ऑपरेशन नाकातून करतात. डोक्याची कवटी उघडत नाहीत, केस काढत नाहीत. नाकातून दुर्बीण घालून मागच्या हाडात खिडकी करतात आणि तिथून गाठ खरवडून काढतात, ईएनटीचे डॉक्टर आणि न्यूरोसर्जन दोघं मिळून. नाकाच्या वाटेने पिट्युटरीपर्यंत पहिल्यांदा १९०७ मध्ये इन्सब्रुकला श्लोफर नावाचे सर्जन पोचले होते, तेव्हा ना ऍन्टिबायोटिक होतं ना असली दुर्बीण. आईला जवळजवळ चार तास लागले. पोटाची थोडी चरबी काढून ते भोक बुजवलं. सर बाहेर येऊन म्हणाले, बहुतेक सगळी निघाली, डाव्या बाजूला मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेला छोटा तुकडा मुद्दाम सोडलाय, ते पुढे बघू. दुसऱ्या दिवशी आईने आयसीयूत डोळे उघडून मला विचारलं, "तू निळा ड्रेस कधी घेतलास?" मी बाजूला उभी होते. कडेचं दिसायला लागलं होतं. त्या क्षणाला मला वाटलं झालं, सुटलो.

आता खरी गोष्ट.

पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर लघवीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं असतं. तिथूनच शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन येतं, त्या ग्रंथीला धक्का बसला की काही दिवस लघवी नळासारखी सुटते आणि रक्तातलं सोडियम वर जातं. आईचं दुसऱ्या दिवशी तेच झालं, पाण्यासारखी पांढरी लघवी, तासाला साडेतीनशे-चारशे मिली, तहान तर भागेचना. डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्याच हार्मोनचं काम करणारं औषध दिलं, चोवीस तासांत आटोक्यात आलं. या मोजमापासाठी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पुढची आहे. तिसऱ्या दिवशी सगळं नॉर्मल झालं, आई आधार घेऊन चालायला लागली, आणि नळी तशीच राहिली. का राहिली? कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून. राउंडला डॉक्टर नाक बघायचे, डोळे बघायचे, सोडियम बघायचे, चादरीखालची नळी कुणी बघितली नाही, आणि सोयीची पण असते ती, रात्री पेशंटला उठवावं लागत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी जागी होते. वॉर्डातल्या मावशी पिशव्या रिकाम्या करायला आल्या. त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकचं माप, पांढरं, कडेला पिवळं पडलेलं. पहिल्या बेडची पिशवी त्यात सोडली, बाथरूममध्ये ओतली, त्याच मापात दुसऱ्या बेडची, मग आईची, हातमोजे तेच. आणि पिशवीच्या खालची तोटी मापाच्या ओल्या कडेला टेकलेली मला स्पष्ट दिसली. मला तेव्हाच वाटलं हे बरोबर नाही. पण मी गप्प बसले. बोललं तर मावशी चिडतील, मग आईला बेडपॅन द्यायला उशीर करतील, सिस्टर तोंड वाकडं करतील, अजून चार दिवस काढायचेत इथं, असला सगळा विचार. त्याच दिवशी आईला व्हीलचेअरवरून टेस्टला नेताना वॉर्डबॉयने पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि मी ती हाताने धरून बसले, म्हणजे पिशवीतली लघवी नळीने परत वर जायला मीच मदत केली. मला माहीतच नव्हतं की पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली पाहिजे. कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी रात्री आईला हुडहुडी भरली. दोन ब्लॅंकेटं घातली तरी दात वाजत होते, ताप १०३, आणि ती बरळायला लागली. बीपी वरचं ८४. धावपळ झाली. नाकातून ऑपरेशन झालेल्या माणसाला ताप म्हणजे पहिली भीती मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या इन्फेक्शनची, कारण भोक नीट बुजलं नसेल तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं आणि त्याच वाटेने जंतू आत जातात. मान ताठ आहे का बघितलं, पुढे वाकवून नाकातून पाणी गळतंय का बघितलं. नव्हतं. लघवीचा नमुना घेतला तो गढूळ.

आणि इथे पिट्युटरी आणि इन्फेक्शन यांची गाठ पडते, जी मला आधी कुणी समजावून सांगितली असती तर मी पहाटे गप्प बसले नसते. ताप आला, जंतू आत शिरले की शरीर आपोआप कॉर्टिसॉल वाढवतं, बीपी टिकतं ते त्याच्या जोरावर. ते वाढवायचा हुकूम पिट्युटरी देते. आईची पिट्युटरी नुकतीच खरवडलेली, सकाळचं कॉर्टिसॉल आधीच कमी आलेलं, म्हणून ती कॉर्टिसॉलच्या जागी देतात त्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांवर होती, पण रोजच्या डोसवर. दुसऱ्या पेशंटला जो ताप नुसता ताप असतो त्याने हिचा जीव जाऊ शकतो. नशिबाने रात्रीच्या ड्युटीवर एक तरुण रेसिडेंट होता, त्याने कुणाची वाट न बघता आधी हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलीग्रॅमचं इंजेक्शन दिलं, सलाईन जोरात सोडलं आणि मग फोन केले. पहाटेपर्यंत बीपी १०० च्या वर आलं. त्या मुलाचे हात धरून बाबा रडले.

लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या टेस्टमध्ये, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला. रिपोर्टच्या कागदावर ऍन्टिबायोटिकांची यादी असते आणि पुढे एस किंवा आर, एस म्हणजे लागू पडतं, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. आईच्या कागदावर आर आर आर. हॉस्पिटलमधला जंतू घरच्या जंतूपेक्षा वेगळा असतो, रात्रंदिवस ऍन्टिबायोटिकच्या सान्निध्यात राहून राहून निबर झालेला. शेवटी मेरोपेनेम नावाचं ऍन्टिबायोटिक लागलं, सात दिवस. घरी जायचं ते आठ दिवस लांबलं.

सहाव्या दिवशी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर आल्या, असं पद असतं हेही मला माहीत नव्हतं. मी रागातच होते. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, मापाचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "ताई, हात पुढे करा." माझ्या तळव्यावर सॅनिटायझर घातलं आणि म्हणाल्या चोळा. मी चोळलं. "अंगठा राहिला. बोटांची टोकं राहिली. सगळ्यांची हीच राहतात, आणि आपण सगळ्याला हात लावतो तो याच टोकांनी." वीस ते तीस सेकंद चोळायचं, आणि हात डोळ्याला मळलेले दिसत असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर सॅनिटायझर नाही, साबण आणि पाणी. हातमोजे घातले म्हणजे हात स्वच्छ असं नाही, मोज्याने पडदा सरकवला आणि त्याच मोज्याने सलाईनच्या सुईला हात लावला तर काय उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करायच्या पाच वेळा सांगितल्यात: पेशंटला हात लावायच्या आधी, सुई-नळी-ड्रेसिंगचं काम करायच्या आधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या बेडला, टेबलला हात लावून झाल्यावर. ही शेवटची कुणीच पाळत नाही, कारण माणसाला हातच लावला नाही ना मग कशाला, असं वाटतं.

आणि त्यांनी एक वाक्य सांगितलं ते मी सगळ्यांना सांगते: "रोज राउंडला विचारायचं, ही नळी आज काढता येईल का?" लघवीची असो, हातातली सुई असो, मानेतली लाईन असो. नळी जितके दिवस आत, तितका धोका वाढत जातो.

नंतर मी वाचत गेले. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात आहे की श्रीमंत देशांत ऍडमिट झालेल्या १०० पेशंटमागे ७ जणांना आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना हॉस्पिटलातच एखादं इन्फेक्शन लागतं. आणि हात धुण्याने माणसं वाचतात हे व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये दाखवून दिलं होतं. बाळंतिणी तापाने मरत होत्या, शवविच्छेदन करून डॉक्टर त्याच हातांनी बाळंतपणं करत होते. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. पावणेदोनशे वर्षं झाली या गोष्टीला आणि माझी आई एका मापामुळे मरता मरता वाचली.

मावशींना मी दोष देणार नाही. रात्री त्या एकट्या सव्वीस बेडना होत्या आणि मोजे मोजून मिळायचे. मी डिस्चार्जच्या आधी व्यवस्थापनाला लेखी दिलं, तारीख-वेळ घालून, शिव्या न घालता. पुढच्या ओपीडीला मुद्दाम वॉर्डात डोकावले तर प्रत्येक बेडखाली वेगळं माप होतं, मार्करने बेडनंबर घातलेलं. माझ्या अर्जानेच झालं असं म्हणत नाही, पण झालं.

आता नातेवाईकांबद्दल, कारण हेही बोलायलाच पाहिजे. आपल्याकडे माणूस ऍडमिट झालं की भेटायला जाणं हे कर्तव्य, न जाणं म्हणजे कायमचा रुसवा. आईला भेटायला एका रविवारी अकरा जण आले. बाहेरून, एसटीतून, तसेच सरळ बेडवर बसले, आईच्या तोंडावरून हात फिरवले. माया आहे त्यात, मला कळतं. पण सर्दीवाला मामा पण त्यात होता, आणि आईला तेव्हा शिंक येऊन चालणार नव्हती, आलीच तर तोंड उघडून शिंकायचं, नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, शौचाला जोर करायचा नाही, कशानेच आत दाब यायला नको. प्रत्येकाच्या हातात शहाळं आणि त्यात स्ट्रॉ. स्ट्रॉने ओढून पिणं तर बंदच होतं, वर आईच्या पोटात जाणारा प्रत्येक घोट मोजून चार्टवर लिहायचा होता, आणि काकू म्हणतायत अगं शहाळ्याने काय होतंय, ताकद येते. मी तेव्हा वाईटपणा घेतला. दाराशी सॅनिटायझरची बाटली धरून उभी राहिले, बेडवर बसू दिलं नाही, दोघांच्या वर आत सोडलं नाही. एक आत्या अजून बोलत नाही माझ्याशी. चालेल.

घरी आल्यावर पण संपत नाही. ऑपरेशननंतर पहिले सात-आठ दिवस उलटताना उलटं होऊ शकतं, शरीर पाणी जास्त धरून ठेवतं आणि सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सुस्त पडतं आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे, लिंबूपाणी पाजा. पाजू नका, सोडियम तपासा. आमचा डिस्चार्ज लांबल्याने ते हॉस्पिटलातच लक्षात आलं, १२९ झालं होतं, पाणी कमी करून सुधारलं. नाक धुवायचं मिठाचं पाणी उकळून गार केलेलंच घ्यायचं, नळाचं नाही. आईच्या पर्समध्ये एक कार्ड आहे, हायड्रोकॉर्टिसोनवर आहे, ताप आला तर डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर लगेच इंजेक्शन. गोळी आपल्या मनाने कधीच बंद करायची नाही. इंजेक्शन फ्रिजशेजारच्या कपाटात आहे आणि ते कसं द्यायचं ते बाबा पण शिकलेत.

तीन महिन्यांनी केलेल्या आयजीएफ-१ मध्ये आकडा बराच खाली आलाय पण नॉर्मल नाही, तो सोडलेला तुकडा अजून काम करतोय. त्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन सुरू केलंय, महाग आहे, योजनेत बसतंय का ते बघतोय. हाडं वाढली ती वाढली, ती मागे येत नाहीत, जबडा तसाच राहणार. पण सूज उतरलीय, घोरणं कमी झालंय, बाबा परत आतल्या खोलीत झोपतात.

सोमवारी सकाळी आठला कॉर्टिसॉलचं रक्त द्यायचंय, त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, आधी नाही, हे आदल्या रात्री आठवण करायला फोनमध्ये अलार्म लावलाय. आणि आईचा लघवी-पाण्याचा जो चार्ट मी वहीत आखला होता, तास, आत किती, बाहेर किती, आणि शेवटचा रकाना "नळी आज का?", तो कुणाला हवा असेल तर खाली लिहा, फोटो काढून पाठवते.